जो हाव म्हणेल तो हरला

निवृत्त शिक्षकाला गावात फार मान असतो म्हणतात. असतो खरा. मान म्हणजे काय, हे मला आता नीट कळलं आहे. मान म्हणजे तुमचं बोलणं कुणी खोडत नाही. भाजीबाजारात जुना विद्यार्थी भेटतो. मी म्हणतो, यंदा ऊन लवकर तापलं. तो म्हणतो, हो सर. मी म्हणतो, तसं लवकर म्हणता येणार नाही. तो म्हणतो, ते पण आहे सर. पुण्याहून मुलीचा फोन येतो. मी तिला सांगतो, स्वयंपाकाला बाई नको, माझं मी करतो. ती म्हणते, बरोबर आहे बाबा, आणि दुसऱ्या दिवशी बाई दारात उभी असते. ही बाईसुद्धा माझ्याशी वाद घालत नाही. पोळ्या जाड झाल्या म्हटलं की पातळ करते, पातळ झाल्या म्हटलं की जाड. बायको असती तर म्हणाली असती, या, लाटा स्वतः. तिला जाऊन नऊ वर्षं झाली.

घरात कुणी नसणं म्हणजे एकटेपणा, असं मला वाटत नाही. घरात कुणी नसलं तर रेडिओ लावता येतो. दिवसच्या दिवस आपल्याला कुणी ‘नाही’ म्हणत नाही, हे मात्र आतून पोखरतं. मला ‘नाही’ म्हणणारा एकच माणूस उरला होता. तो अकोल्याला राहायचा, अमरावतीतल्या माझ्या घरापासून एसटीनं दोन-अडीच तासांवर.

मी मूळचा कोल्हापूरचा. तिकडे पेठेतलं पोर चालायला लागायच्या आधी चेंडूला लाथ मारतं. कुठल्या पेठेचा संघ मोठा यावरून सख्खे भाऊ महिना महिना बोलत नाहीत, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. अशा गावातून उठून मी अमरावतीच्या शाळेत चित्रकलेचा शिक्षक म्हणून आलो. इथे आखाडे होते, कबड्डी होती, खो-खो होता, क्रिकेट तर कुठेही असतंच. फुटबॉलसुद्धा होता, पण त्यावर कडाडून भांडायला कुणी नव्हतं. त्याच वर्षी शाळेनं फुटबॉलचा संघ काढायचं ठरवलं, आणि मी कोल्हापूरचा आहे एवढ्या पुण्याईवर तो माझ्या गळ्यात बांधला. जर्सी कुठे शिवायच्या म्हणून चौकशी केली तर सगळे म्हणाले, अकोल्याला जा, जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पुलापलीकडे एक टेलर आहेत. ते स्वतः गोलकीपर होते, खेळाचे कपडे तेच शिवतात.

दुकान लहान होतं. एक मशीन, एक कटिंगचं लांब टेबल, त्यावर काळं कापड अंथरलेलं. टेबलामागे माझ्याच वयाचा उंच माणूस तोंडात टाचण्या धरून उभा होता.

‘पंधरा जर्सी हव्यात. पाठीवर आकडे. महिन्याच्या आत होतील का?’ मी विचारलं.

‘हाव,’ टाचण्या न काढता ते म्हणाले.

मी तापलो. आमच्याकडे हाव म्हणजे लोभ, अधाशीपणा. वऱ्हाडात येऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते.

‘पंधरा पोरांना पंधरा जर्सी, यात हाव कसली आली हो?’

त्यांनी एकेक करून टाचण्या उशीत टोचल्या आणि माझ्याकडे नीट पाहिलं. ‘हाव म्हंजे हो जी. तुमच्याकडे हो ले काय म्हनतात?’

‘व्हय.’

‘मंग ते तरी काय धड हाय?’

अशी आमची ओळख झाली. आकडे लिहून घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी पुन्हा खोळंबा केला. सहा नंबर कोणाचा? तो मधे खेळतो का मागे? मधे खेळत असेल तर त्याला सहा कशाला? मी म्हटलं, तुम्ही शिवा ना, पोरं माझी आहेत. ते म्हणाले, ‘आकडा मी लावून राहिलो ना सर? मंग मले खेळ समजाले नको?’ टेलरचा पांढरा खडू घेऊन त्यांनी त्या काळ्या कापडावर मैदान काढलं, त्यात अकरा ठिपके मांडले. मैदान वाकडं होतं. मी चित्रकलेचा शिक्षक, मला ते बघवेना. मी खडू हिसकून मैदान सरळ केलं आणि त्यांचे ठिपकेही हलवले. दुपारची गाडी चुकली.

शाळेत मास्तर मी, पण टेलर म्हणून मास्तर त्यांना म्हणायचो. ते मला सर म्हणायचे. वर्षातून एकदा जर्सीच्या निमित्तानं भेट व्हायची आणि प्रत्येक वेळी भांडण व्हायचं, एवढंच पुष्कळ वर्षं चाललं. त्या पलीकडे आमचं काही नातं आहे असं दोघांपैकी कुणालाच वाटलं नसावं.

बायको गेली तेव्हा ते अमरावतीला आले. दहाव्यानंतरचा कुठलासा दिवस होता. लोक येऊन गेले होते, मुलगी पुण्याला परतली होती. मास्तर समोर खुर्चीत बसले. मग एकदम म्हणाले, ‘सर, त्या तुमच्या निळ्यायनं परवा काय घान खेळ केला. पास देऊन राहिले, देऊन राहिले, अन् गेले कुठं? जिथं व्हते तिथंच.’

मी वर पाहिलं. आता हे काय बोलायची वेळ आहे, असं म्हणायला तोंड उघडलं, आणि तोंडातून आलं ते असं की निळे, म्हणजे टीव्हीवर मी ज्याच्या बाजूचा तो इंग्लंडातला संघ, अजिबात घाण खेळले नाहीत. चेंडू जमिनीवर ठेवून, पायातून पायात देत पुढे जायचं यालाच खेळ म्हणतात. ते म्हणाले, याला पाळणा हलवणं म्हणतात. मी म्हटलं, मग काय तुमच्यासारखं उंच टोलवायचं आणि देवाच्या भरवशावर पळत सुटायचं? दोन तास आम्ही भांडलो. त्या दोन तासांत मी बायको गेल्याचं विसरलो असं म्हणणार नाही. पण त्या दिवशी मी जेवलो.

निघताना बसस्टँडवर ते म्हणाले, ‘बरोबरी झाली. आता फेरसामना माह्या गावात.’

इथे कपाची पद्धत सांगायला हवी. इंग्लंडात एक फार जुना कप आहे. त्यात वरचे श्रीमंत संघ असतात, तसेच पार खालच्या पायरीवरचे, ज्यांचा गोलकीपर आठवडाभर लोकांची घरं रंगवतो असलेही असतात. कुणी कुणाशी खेळायचं ते चिठ्ठ्या काढून ठरतं. सामना बरोबरीत सुटला तर तो दुसऱ्या संघाच्या मैदानावर पुन्हा खेळायचा, असा शंभराहून जास्त वर्षांचा रिवाज होता. त्यामुळे एखाद्या फाटक्या संघानं घरच्या चिखलात मोठ्या संघाला बरोबरीत रोखलं की त्यांची अर्धी लॉटरी लागायची. ती रंगारी, सुतार मंडळी मग त्या मोठ्या मैदानावर खेळायला जायची. मास्तरांचा या रिवाजावर फार जीव होता.

आम्ही तोच नियम आमच्या भांडणाला लावला. एका महिन्यात एक रविवार अमरावतीला माझ्या व्हरांड्यात, निकाल लागला नाही तर पुढच्या महिन्यात अकोल्याला त्यांच्या कटिंगच्या टेबलावर. सामने संध्याकाळी सहाला असले तर आपापल्या घरी बघायचे, रात्रीचे असले तर सकाळी मोबाईलवर त्यातले तुकडे. यजमानानं खायला घालायचं. माझ्याकडे दह्यातला गिला वडा, त्यांच्याकडे त्यांच्या बायकोच्या, म्हणजे भाभींच्या हातचं जे असेल ते. निकाल कसा ठरवायचा, तेही मास्तरांनीच सांगितलं. ‘सोपं हाय. जो हाव म्हनन, तो हरला.’

मला पहिल्या दिवसाची आठवण करून देऊन ते खूप हसले.

त्यानंतरच्या वर्षांत आमच्यापैकी कुणीही हाव म्हटलं नाही. निकाल नाही, म्हणून सामना संपत नाही, म्हणून पुढचा महिना, पुढचं गाव. मी लीगच्या बाजूचा. लीग वर्षभर चालते, सगळे सगळ्यांशी खेळतात, जो खरा चांगला तोच वर येतो. ते कपाच्या बाजूचे. ‘लीग म्हंजे तुमची सरकारी नोकरी, सर. आज नाई जमलं तं उद्या. आमाले रोजच कप हाय. आज गिऱ्हाईकाच्या अंगाले कपडा नाई बसला तं तो गेला, पुन्हा नाई येत.’ मी म्हणायचो, कपात नशीब फार. ते म्हणायचे, मग नशिबाला खेळायला कोणतं मैदान ठेवलं तुम्ही?

सगळ्यात जोराचं भांडण गोलकीपरवरून व्हायचं. आजकाल गोलकीपर चेंडू दूर मारत नाहीत, बाजूच्या खेळाडूला अलगद पायानं देतात आणि तिथून खेळ उभा करतात. मला ते फार सुंदर वाटतं. मास्तरांना तो आपल्या जातीचा अपमान वाटायचा. ‘गोलकीपरनं बॉल बाजूच्याले द्यायचा? मंग माह्या हाताले काय मेंदी लावली?’ हे म्हणताना ते दोन्ही पंजे माझ्या तोंडासमोर धरायचे. मोठे पंजे होते. त्यांच्यात सुई कशी सापडायची कोण जाणे.

मग एका वर्षी त्या कपानंच फेरसामने बंद केले. वरच्या संघांना वेळ नाही, खेळाडू थकतात, तेव्हा बरोबरी झाली तर तिथेच पेनल्ट्या मारा आणि मिटवा, असं ठरलं. बातमी मी वाचली तेव्हा मलाही वाईट वाटलं. पण पुढच्या रविवारी, मे महिन्यात, मास्तर माझ्या व्हरांड्यात येऊन बसले आणि दुखवटा असल्यासारखे बोलायला लागले, तेव्हा मला माझी बाजू आयतीच मिळाली.

‘बरोबरी केली तं छोट्यायले काय भेटायचं सर? मोठ्याच्या मैदानावर जायाले भेटायचं. आता तेबी घेतलं काढून.’

‘बरंच केलं,’ मी म्हटलं. ‘तेच ते पुन्हा पुन्हा. कुणाला वेळ आहे?’

‘टाइम कोनाले नाई? तुमाले?’

‘मलाच म्हणा.’

वादासाठी बोललो होतो. त्यांनी उलट टोला मारायचा, मी तो परतवायचा, हे ठरलेलं. पण त्या दिवशी त्यांनी बशी बाजूला सारली. बशीत अर्धा गिला वडा होता, तो तसाच राहिला. रुमाल काढून त्यांनी हात पुसले, रुमालाची चौकोनी घडी केली, मग म्हणाले, ‘म्हंजे मी शंभर किलोमीटर येतो, ते बी पुन्हा पुन्हा तेच.’

‘नाही’ म्हणायला किती वेळ लागतो? आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची वाट बघितली तो शब्द, आणि मला तो नेमका तेव्हा उच्चारता आला नाही. उलट मनात आलं, खेळातली गोष्ट यांनी अंगाला का लावून घ्यावी? मीही फुगून बसलो. बसस्टँडवर गाडीत चढता चढता ते म्हणाले, ‘बरोबरी. फेरसामना अकोल्याले. जूनमंदी शाळेच्या ड्रेसची घाई असते. ते सरलं का या.’

मी म्हटलं, ‘बघू.’

जून गेला, जुलै गेला. मी गेलो नाही. गुडघा दुखत होता, असं मी स्वतःला सांगत होतो. गुडघा दुखत होताही, पण त्याच गुडघ्यावर मी रोज बाजारात जात होतो. ऑगस्टमध्ये तिकडचा नवा मोसम सुरू झाला आणि माझा धीर सुटला. एका रविवारी सकाळी मी फोन लावला. माफी मागायची होती, पण सरळ माफी मागणं आमच्या नियमात बसत नव्हतं, म्हणून मी वाद तयार करून ठेवला होता. दुसऱ्याच घंटीला त्यांनी उचलला.

‘मास्तर, मी विचार केला,’ मी म्हटलं. ‘फेरसामने बंद केले ते चुकलंच त्यांचं.’

आता ते नेमकी उलटी बाजू घेतील आणि गाडी रुळावर येईल, अशी माझी खात्री होती.

‘हाव,’ ते म्हणाले.

मी गोंधळलो. ‘म्हणजे, अगदीच चुकलं असंही नाही. खेळाडू थकतात ना.’

‘हाव.’

मला राग यायला लागला. मी मुद्दाम त्यांच्या वर्मावर बोट ठेवलं. ‘उंच टोलवाटोलवीचा खेळ आता संपला, मास्तर. गोलकीपरला हातांचं कामच उरलं नाही.’

‘हाव.’

मागे कुठेतरी मशीन चालू होतं. त्यांचा श्वास ऐकू येत होता.

‘मास्तर, रागावलात का माझ्यावर?’

‘हाव.’

‘मग ठेवू फोन?’

‘हाव.’

मी फोन ठेवला. पाच वेळा. इतक्या वर्षांत एकदाही न उच्चारलेला शब्द त्यांनी एका दमात पाचदा माझ्या तोंडावर फेकला होता. याला हरणं म्हणत नाहीत, याला सामना सोडून देणं म्हणतात. घ्या तुमचा विजय आणि जा, असं. त्यांना माझ्याशी आता भांडायचंसुद्धा नव्हतं. म्हणजे निकाल लागला होता आणि मी जिंकलो होतो. जिंकल्यावर पुढे काय करायचं, हे मात्र आम्ही कधी ठरवलंच नव्हतं.

त्यानंतरचे चार महिने मी फार वाईट काढले. शनिवारी संध्याकाळी सहाचा सामना लागला की मी टीव्हीपुढे बसायचो. कुणी चेंडू उंच टोलवला की तोंडातून निघायचं, ‘बघा, हेच ते.’ खोलीत कुणी नसायचं. मग मीच त्यांच्या बाजूनं उत्तर द्यायचो, त्यांच्या बोलीत, आणि ते इतकं भिकार व्हायचं की मलाच लाज वाटायची. स्वयंपाकाची बाई आतून विचारायची, काही म्हणालात का काका? मी म्हणायचो, नाही. ती म्हणायची, बरं. कितीदा तरी मोबाईलवर दोन ओळी लिहिल्या आणि पुसल्या. खरं सांगायचं तर मला पश्चात्तापापेक्षा अपमानच जास्त झोंबत होता. मी मनात म्हणायचो, फोन मी केला होता, आता त्यांची पाळी.

डिसेंबरच्या शेवटी आमच्या शाळेतले खेळाचे शिक्षक रस्त्यात भेटले. हातात नव्या जर्सींचं गाठोडं होतं. मी शिवण बघितली, आणि बघताक्षणी म्हटलं, ही मास्तरांची नाही. आकडा जरा तिरका बसला होता.

‘त्याईच्या पोरीनं शिवल्या, सर,’ ते म्हणाले. ‘मास्तर कुठं शिवतात आता? जुलैत लकवा मारला ना त्याईले. उजवा हात गेला, वाचा गेली. एकच शब्द निघते म्हनतात.’

कोणता शब्द, हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीत बसलो. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर आलं. तिथे गाडी दहा मिनिटं थांबते. लोक चहाला उतरले. मी जागेवरच बसून राहिलो आणि तो फोन पहिल्यापासून मनात पुन्हा ऐकला. रागावलात का? हाव. ठेवू फोन? हाव. माणूस अर्ध्या अंगानं अंथरुणाला खिळलेला, आणि मी त्याला सांगत होतो, गोलकीपरला हातांचं कामच उरलं नाही. मला तिथेच उतरून परत जावंसं वाटलं. गाडी सुटली म्हणून गेलो नाही, इतकंच.

दुकानात मास्तरांची मुलगी मशीनवर होती. ही तीच, जी लहानपणी आमच्या भांडणात टेबलाखाली बसून चिंध्या गोळा करायची. आता तिशी ओलांडलेली बाई आहे. मला बघून तिनं मशीन थांबवलं, पण उठली नाही.

‘या चाचा,’ ती म्हणाली. आवाजात ओल नव्हती.

‘मला काल कळलं ग.’

‘काल?’ तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. ‘तुमचं तं फोनवर बोलनं झालं व्हतं ना? दवाखान्यातून घरी आनलं, त्याच्या पुढच्याच रविवारी. फोन वाजला, मी उचलाले गेली तं अब्बानं हात लावू देल्ला नाई. तुमचं नाव दिसलं व्हतं त्यायले. डाव्या हातानं सोता उचलला. मले वाटलं, तुमाले समजलंच असन. अन् तुमी आलेच नाई.’

मी काय सांगणार होतो? की मला वाटलं ते रुसले? की आमच्यात एका शब्दाचा एक नियम होता? त्या दुकानात उभं राहून ते सगळं इतकं पोरकट वाटलं की मी हातातल्या पिशवीचा बंद पिळत राहिलो. ती उठली, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि जरा मवाळ होऊन म्हणाली, ‘समजते त्यायले सगळं, डॉक्टर म्हनतात. पन चहा पायजे का विचारलं तं हाव, नको का विचारलं तरी हाव. तोंडातून तेवढंच येते. आमी आता विचारनंच सोडलं.’

मागच्या अंगणात ऊन होतं. कटिंगचं जुनं टेबल तिथे आणून ठेवलं होतं, काळ्या कापडासकट, आणि त्याच्यापाशी खुर्चीत मास्तर बसले होते. तोंड एका बाजूला ओढलं होतं. उजवा पंजा मांडीवर पालथा पडला होता, दुसऱ्या कुणाचा तरी ठेवून दिल्यासारखा. गळ्यात मात्र मापाची टेप होती. मला बघून त्यांचे डोळे भरले आणि तोंडातून शब्द आला.

‘हाव.’

मी समोर बसलो. भाभी चहा घेऊन आल्या. कप ठेवता ठेवता एवढंच म्हणाल्या, ‘कितने दिन लगा दिए, भाईसाब.’ त्या आत गेल्यावर आम्ही दोघंच उरलो, नऊ वर्षांपूर्वी माझ्या घरात उरलो होतो तसे. तेव्हा सुरुवात त्यांनी केली होती. आता पाळी माझी होती.

टेबलाच्या कोपऱ्यात खडू होता. मी तो घेतला आणि काळ्या कापडावर मैदान काढलं. म्हटलं, ‘मास्तर, फेरसामना. जरा उशीर झाला.’ अकरा ठिपके मांडले. म्हटलं, गोलकीपरनं चेंडू बाजूच्याला द्यायचा, पायानं. ते म्हणाले, हाव. म्हटलं, लीगच खरी, कप म्हणजे नुसत्या चिठ्ठ्या. हाव. मला त्यांच्या तोंडून एक ‘नाही’ हवं होतं. माझ्या भाषेतली हाव, ती अधाशी, सुटली होती मला. मी जितकं खोटं, जितकं टोचणारं बोलता येईल तितकं बोललो, आणि दर वेळी तेच उत्तर आलं, एकाच सुरात, घरातल्या प्रत्येकाला देतात तेच.

शेवटी मी खुर्ची उचलली आणि त्यांच्या बाजूला जाऊन बसलो. ठिपके हलवले, त्यांच्या पद्धतीनं. पुढे एक उंच गडी, मागे सगळे. आणि त्यांची बाजू मांडायला लागलो. छोट्या संघाकडे पास देत बसायला खेळाडू कुठून येणार? त्याच्याकडे एकच टोला असतो, तो त्यानं मारायचा. मोठ्यांचं काय, त्यांना उद्या आहे. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की हे सगळं मला पाठ आहे, आणि हे सगळं बरोबर आहे. इतकी वर्षं मी परतवत होतो, ऐकत नव्हतो. मग मी माझे दोन्ही पंजे त्यांच्या तोंडासमोर धरले आणि म्हटलं, ‘मंग माह्या हाताले काय मेंदी लावली?’

मास्तर अर्ध्या तोंडानं हसले. ‘हाव,’ म्हणाले.

तेव्हा मला बोलता आलं. मी म्हटलं, ‘मे महिन्यात मी वेळ नाही म्हणालो ते साफ खोटं होतं, मास्तर. तुम्ही यायचा रविवार असला की मी सोमवारपासून वाट बघायचो. मला दुसरं कुणी नाही.’

‘हाव,’ ते म्हणाले.

आता याचा अर्थ मी काय घ्यायचा? मला ठाऊक होतं, असा? का माफ केलं, असा? का नुसताच, उरलेला एक शब्द? मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. डोळे ओले होते, पण ते मी आलो तेव्हापासूनच ओले होते. इतक्या जवळ बसून मला काही कळत नव्हतं. माझ्या घरात टीव्हीपुढे मी एकटाच दोन्ही बाजूंनी बोलायचो, आणि इथेही शेवटी मी एकटाच दोन्ही बाजूंनी बोलत होतो. ते मनात आलं आणि माझा सगळा दम गेला. खडू ठेवून दिला. ऊन टेबलावरून खाली उतरलं होतं. मुलीनं आत कुकर लावला होता, त्याची शिट्टी झाली.

मी उठलो. मुलीनं माझी पिशवी त्यांच्या खुर्चीपाशी ठेवली होती, ती उचलायला वाकलो. म्हटलं, ‘मास्तर, दुपारची गाडी आहे. जाऊ ना?’

‘हाव.’

पिशवी उचलली जाईना. मला वाटलं, खुर्चीच्या पायात बंद अडकला. खाली पाहिलं तर पिशवीचा बंद त्यांच्या डाव्या पंजात होता. मी हळूच ओढला. सुटला नाही.

‘जाऊ?’

‘हाव,’ ते म्हणाले, आणि बंदाला एक वेढा देऊन त्यांनी मूठ आवळली. गोलकीपरची मूठ होती. बोटांची पेरं पांढरी पडली.

मी पिशवी सोडली आणि पुन्हा बसलो.

‘म्हणजे नाही ना?’ मी विचारलं.

‘हाव,’ मास्तर म्हणाले.